बंद झालेल्या मतदारसंघाचा इतिहास कसा जुळवावा : ब्रॅमली—गोर—मॉल्टनच्या उदाहरणासह

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, टोरांटोच्या पिअरसन विमानतळाला उत्तरेकडून खेटून मॉल्टन ही वस्ती आहे. तिच्या पुढे ब्रॅम्प्टन शहराचा पूर्वभाग सुरू होतो. १९८८ ते २०१५ या काळात हा पट्टा कॅनडाच्या संसदेत, म्हणजे हाउस ऑफ कॉमन्समध्ये, एक खासदार पाठवत असे. मतदारसंघाचे नाव ब्रॅमली—गोर—मॉल्टन. आज तो अस्तित्वात नाही.

त्याचा इतिहास लिहायला बसले की पहिल्याच वाक्यात अडायला होते. २७ वर्षांत त्याला तीन वेगवेगळी नावे मिळाली, सीमा तीन वेळा आखल्या गेल्या आणि याच नावाचा एक प्रांतिक मतदारसंघ समांतर चालत राहिला. इंटरनेटवरच्या बऱ्याच नोंदी हे सगळे एकत्र कालवतात. म्हणून एक शिस्त सुरुवातीलाच लावून घ्या : वहीत उतरवलेल्या प्रत्येक माहितीपुढे तीन गोष्टी लिहा, त्या दिवशीचे नेमके नाव, तेव्हा लागू असलेला सीमा-आदेश (मतदारसंघांच्या सीमा ठरवणारा सरकारी आदेश) आणि तारीख. सात-बाऱ्यावर फेरफार क्रमांकाशिवाय नोंद धरत नाहीत, तसेच हे समजा. खालची सगळी पद्धत याच शिस्तीवर उभी आहे आणि कॅनडातल्या कोणत्याही उपनगरी मतदारसंघाला ती लागू पडते. तिथे बोलीभाषेत मतदारसंघाला ‘रायडिंग’ म्हणतात. जुनी वर्तमानपत्रे चाळताना हाच शब्द शोधावा लागतो.

आधी नाव फोडा

कॅनडातली लांबलचक जोडनावे म्हणजे त्या भागाच्या स्थानिक कारभाराचा छोटा इतिहासच असतो. घटक सुटे करा आणि प्रत्येक घटक पूर्वी कोणत्या नगरपालिकेत किंवा टाउनशिपमध्ये (ग्रामीण भागाच्या स्थानिक कारभाराचे एकक) होता ते काढा.

ब्रॅमली ही १९५० च्या दशकाच्या शेवटी शेतजमिनीवर उभारायला घेतलेली नियोजित वसाहत. नाव घडवलेले आहे : ब्रॅम्प्टनमधला पहिला तुकडा, मॉल्टनमधला दुसरा आणि शेवटी कुरण या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द. वसाहत चिंग्वाकूसी टाउनशिपमध्ये होती. तिच्या जुन्या भागात एका विभागातल्या सगळ्या रस्त्यांची नावे एकाच अक्षराने सुरू होतात. मतदान केंद्रांचे पत्ते लावताना याचा फार उपयोग होतो.

गोर म्हणजे टोरांटो गोर ही जुनी टाउनशिप. जमीन मोजताना दोन मोजण्यांच्या मध्ये उरलेल्या पाचरीच्या आकाराच्या तुकड्याला ‘गोर’ म्हणत. गोर रोड या नावात तो शब्द अजून आहे. मॉल्टन हे आधी टोरांटो टाउनशिपमधले गाव. अ‍ॅव्रो कंपनीचा विमान कारखाना इथेच होता, आणि २० फेब्रुवारी १९५९ रोजी रद्द झालेले अ‍ॅव्रो अ‍ॅरो हे विमान इथलेच. पिअरसन विमानतळाचे जुने नावही मॉल्टन विमानतळ होते. १९६० पूर्वीच्या कागदांत ‘मॉल्टन’ दिसले की गाव आहे की विमानतळ, हे संदर्भावरून ठरवा.

१ जानेवारी १९७४ ही तारीख वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. त्या दिवशी पील रीजन, म्हणजे शहरांच्या वरची प्रादेशिक कारभाराची पातळी, अस्तित्वात आले, चिंग्वाकूसी आणि टोरांटो गोर यांचे दक्षिणेकडचे भाग ब्रॅम्प्टन शहरात गेले आणि मिसिसागा शहर झाले. मॉल्टन मिसिसागाकडे राहिले. म्हणजे १९८७ मध्ये मतदारसंघ आखला गेला, तेव्हा तो मुळातच दोन शहरांच्या हद्दीवर आडवा बसला होता. त्याच्या जन्माचे आणि शेवटाचेही सूत्र या एका गोष्टीत आहे.

नाव टाइप करताना एक गोष्ट सांभाळा. कॅनडात घटकांना जोडणारी रेघ लांब असते, साधा हायफन नसतो. हायफन फक्त एखाद्या गावाच्या नावातच मुळात असेल तिथे येतो. सरकारी माहितीसाठ्यात हायफन घालून शोधले तर काही वेळा शून्य निकाल येतो आणि माणूस समजतो की नोंदच नाही. शंका असेल तर नुसते ‘ब्रॅमली’ टाकून शोधा.

तारखांचा कणा

कॅनडात दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर प्रत्येक प्रांतासाठी तीन सदस्यांचा स्वतंत्र आयोग बसतो. अध्यक्ष सहसा न्यायाधीश असतो. त्याची नेमणूक प्रांताचे मुख्य न्यायमूर्ती करतात आणि उरलेल्या दोघांची हाउस ऑफ कॉमन्सचे सभापती. हा कायदा १९६४ चा. आयोगाच्या कामातून शेवटी जो दस्तऐवज निघतो त्याला प्रतिनिधित्व-आदेश म्हणतात; वर सीमा-आदेश म्हटले तो हाच. तुमच्या सगळ्या तारखा या आदेशांना टांगायच्या.

प्रत्येक आदेशाला तीन तारखा असतात. त्या एकमेकींत मिसळणे ही या विषयातली सर्वांत सामान्य चूक आहे. पहिली, आदेश जारी झाल्याची. दुसरी, तो लागू होण्याची, आणि तीही ‘अमुक तारखेनंतर संसद पहिल्यांदा विसर्जित होईल तेव्हा’ अशी बांधलेली. तिसरी, त्या सीमांवर झालेल्या पहिल्या मतदानाची. २०१३ चा आदेश ५ ऑक्टोबर २०१३ ला जारी झाला. १ मे २०१४ नंतरच्या पहिल्या विसर्जनाला तो लागू होणार होता. विसर्जन झाले २ ऑगस्ट २०१५ ला आणि मतदान १९ ऑक्टोबर २०१५ ला. मग ‘ब्रॅमली—गोर—मॉल्टन २०१३ मध्ये रद्द झाला’ हे वाक्य अर्धेच खरे. आदेशाने तो २०१३ मध्ये मिटवला, पण त्याचा खासदार २०१५ च्या विसर्जनापर्यंत त्याच मतदारसंघाचा खासदार होता. दोन्ही गोष्टी लिहा.

२००३ च्या आदेशात आणखी एक वळण आहे. तो २५ ऑगस्ट २००३ ला जारी झाला. नेहमीप्रमाणे वर्षभर थांबायचे होते, पण खास कायदा करून १ एप्रिल २००४ ही तारीख ठरवली गेली आणि २८ जून २००४ ची निवडणूक नव्या सीमांवर झाली. जुन्या कायद्याच्या हिशेबाने तारीख काढाल तर ती चुकेल.

आपल्या उदाहरणाचा कणा असा दिसतो :

१९८७ चा आदेश : सभागृहात २९५ जागा, त्यांपैकी ऑन्टारिओच्या ९९. नाव ब्रॅम्प्टन—मॉल्टन. पहिले मतदान २१ नोव्हेंबर १९८८. १९९० मध्ये नाव ब्रॅमली—गोर—मॉल्टन झाले, सीमा त्याच राहिल्या. १९९३ ची निवडणूक या नव्या नावाने, पण १९८७ च्या सीमांवर झाली.

१९९६ चा आदेश : ३०१ जागा, ऑन्टारिओच्या १०३. पहिले मतदान २ जून १९९७, नाव ब्रॅमली—गोर—मॉल्टन. १९९७ आणि २००० या दोन निवडणुकांच्या मधल्या काळात नावाला स्प्रिंगडेल (ब्रॅम्प्टनमधली एक वसाहत) जोडले गेले.

२००३ चा आदेश : ३०८ जागा, ऑन्टारिओच्या १०६. नाव पुन्हा ब्रॅमली—गोर—मॉल्टन. स्प्रिंगडेल हे नाव आता शेजारच्या नव्या ब्रॅम्प्टन—स्प्रिंगडेलकडे गेले.

२०१३ चा आदेश : ३३८ जागा, ऑन्टारिओच्या १२१. या यादीत आपला मतदारसंघ नाही.

मधल्या काळातले नामांतर आयोगाच्या अहवालात शोधू नका, तिथे ते सापडणार नाही. दोन फेररचनांच्या मध्ये नाव बदलते ते संसदेच्या कायद्याने, आणि असे कायदे पुष्कळदा एका वेळी अनेक मतदारसंघांची नावे बदलतात. म्हणून कायद्यांची वर्षवार सूची चाळावी लागते. संसद ग्रंथालयाच्या ‘पार्लइन्फो’ या माहितीसाठ्यात मात्र प्रत्येक नाव वेगळा मतदारसंघ असल्यासारखे येते. एकाच खासदारापुढे तीन मतदारसंघ दिसले, म्हणून त्यांनी जागा बदलली असे समजू नका. बदलली ती फक्त पाटी.

आधीची आणि नंतरची पिढी

आता वंशावळ. कागद आडवा धरा, डावीकडे पूर्वज, मध्ये आपला मतदारसंघ, उजवीकडे वारस. जोडणारी रेघ काढताना दोन प्रकार पाळा. पातळ रेघ म्हणजे ‘काही भाग इथून आला’, जाड रेघ म्हणजे ‘बहुतांश लोकसंख्या इथून आली’. जाड रेघ कधीही अंदाजाने काढू नका. ती नकाशावर मोजून झाल्यावरच काढायची.

ब्रॅम्प्टन—मॉल्टन बनला तो ब्रॅम्प्टन—जॉर्जटाउन आणि मिसिसागा नॉर्थ यांच्या तुकड्यांपासून. ते दोन्ही १९७६ च्या आदेशातले. त्याही मागे गेले तर १८६७ पासून शतकभर या भागात पील हेच नाव भेटते. इतक्या मागे जायचे की नाही, हे आधी ठरवा. आमच्या मते उपनगराचा इतिहास लिहिताना दोन पिढ्या मागे जाणे पुरे. त्यापुढे शेतीप्रधान तालुक्याचा इतिहास सुरू होतो आणि तो वेगळा विषय आहे. पूर्वजांच्या बाबतीत एक सोय मात्र आहे : लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडाने (राष्ट्रीय ग्रंथालय आणि अभिलेखागार) जतन केलेल्या १९३५ ते १९८० च्या मतदार याद्या लोकांसाठी खुल्या आहेत. आपला मतदारसंघ १९८८ चा असल्यामुळे त्याच्या याद्या त्यांत मिळायच्या नाहीत, पण आधीच्या शेतवस्तीची घरे आणि व्यवसाय त्यांतून कळतात.

चतुःसीमा वाचणे आणि नकाशावर उतरवणे

आदेशात प्रत्येक मतदारसंघाची सीमा शब्दांत लिहिलेली असते. ‘अमुक चौकापासून सुरू, तिथून अमुक रस्त्याने वायव्येकडे’ अशी ती खरेदीखतातल्या चतुःसीमेसारखी चालते. कायद्याच्या दृष्टीने हा मजकूर खरा, सोबतचा नकाशा फक्त मदतीला. दोन्हींत फरक दिसला तर मजकूर धरा.

पील रीजनमध्ये दिशा फसवतात. इथली जुनी जमीनमोजणी तिरकी आहे. हुरॉन्टारिओ स्ट्रीट लोकांच्या बोलण्यात उत्तर-दक्षिण असतो, पण होकायंत्रावर तो वायव्येकडे जातो. सीमेच्या मजकुरात दिशा होकायंत्राच्या असतात, वर्तमानपत्रांत आणि रस्त्यांच्या पाट्यांवर स्थानिक बोलीच्या. त्यामुळे बातमीतले ‘क्वीन स्ट्रीटच्या उत्तरेला’ हे मजकुरातल्या वायव्येशी जुळते, उत्तरेशी नाही. वहीत एकाच पद्धतीने लिहा आणि कोणती ते वरच नोंदवा.

रस्ता असे लिहिले असेल तर सीमा त्याच्या मध्यरेषेवरून जाते, वेगळे सांगितले नसेल तर. म्हणजे समोरासमोरची दोन घरे दोन मतदारसंघांत पडू शकतात. शहराची हद्द असे लिहिले असेल तर ती कोणत्या दिवशीची हे आदेशाच्या प्रास्ताविकात बघा. २०१३ च्या आदेशात १ जानेवारी २०११ ची हद्द धरली आहे. रस्त्यांची नावेही बदलतात. ब्रॅम्प्टनमधला क्वीन स्ट्रीट ईस्ट जुन्या नकाशांवर हायवे ७ म्हणून दिसतो. जुना मजकूर लावताना त्याच काळातला रस्त्यांचा नकाशा शेजारी हवा. आजच्या मोबाइल नकाशावर शोधाल तर चुकीच्या रस्त्यावर जाऊन पडाल.

संगणकावर हे काम क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत प्रणालीत होते. २००३ आणि २०१३ च्या सीमांच्या तयार फायली सरकारी खुल्या माहिती-पोर्टलवर मिळतात. १९८७ साठी छापील नकाशा स्कॅन करून जागेवर बसवावा लागतो. त्यासाठी खुणेचे बिंदू लावावे लागतात, ते ८ ते १० घ्या. बिंदू म्हणून मोठे जुने चौक निवडा. ओढ्यांची वळणे घेऊ नका, ती नकाशा काढणाऱ्याच्या हाताप्रमाणे सरकतात. बिंदू सगळे एका कोपऱ्यात गोळा झाले तर दुसरा कोपरा शंभर-दोनशे मीटर घसरतो आणि एक अख्खी वसाहत चुकीच्या बाजूला जाते.

क्षेत्रफळ मोजण्याआधी प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची रीत, बदला. कॅनडाच्या सांख्यिकी विभागाच्या फायली बहुधा लॅम्बर्ट प्रक्षेपणात असतात (ईपीएसजी ३३४७, हा प्रक्षेपणाचा संकेतक्रमांक). त्यात आकार नीट राहतो, क्षेत्रफळ बिघडते. पील भागासाठी यूटीएम १७ उत्तर (ईपीएसजी २६९१७) घ्या.

जुनी आणि नवी सीमा एकमेकींवर ठेवून छेद काढला की ‘किती टक्के भाग कुठे गेला’ हे कळते. पण क्षेत्रफळाची टक्केवारी उपनगरात जवळपास निरुपयोगी असते. एका बाजूला गोदामे, विमानतळाशेजारच्या मोकळ्या जागा आणि न बांधलेली शेते, दुसऱ्या बाजूला दाट घरे. टक्केवारी काढायची ती लोकसंख्येची. त्यासाठी जनगणनेची लहान एकके घ्या, ज्यांत साधारण ४०० ते ७०० माणसे असतात, आणि प्रत्येक एककाचा मध्यबिंदू कोणत्या सीमेत पडतो ते बघून बेरीज करा. ही एकके २००१ पासूनची. त्याआधीच्या गणनेत एकके वेगळी होती, म्हणून १९९६ आणि २००१ ची एकके क्रमांकावरून जुळवायला जाऊ नका.

आणखी एक सापळा सांकेतिक क्रमांकाचा. प्रत्येक मतदारसंघाला पाच अंकी क्रमांक असतो. पहिले दोन अंक प्रांताचे (ऑन्टारिओ ३५) आणि पुढचे तीन वर्णक्रमाने. नवा आदेश आला की वर्णक्रम बदलतो आणि क्रमांक दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. २००३ च्या आदेशात ३५००६ म्हणजे ब्रॅमली—गोर—मॉल्टन. २०१३ च्या आदेशात तोच क्रमांक बे ऑफ क्विंटीचा आहे, आणि तो मतदारसंघ लेक ऑन्टारिओच्या पार दुसऱ्या टोकाजवळ. दोन वर्षांचे तक्ते क्रमांकावर जोडले तर संगणक कुरकुर न करता चुकीचे उत्तर देतो.

का बनला, का मिटला : गणित करून बघा

प्रांताची लोकसंख्या भागिले जागा म्हणजे सरासरी कोटा. मतदारसंघ या कोट्यापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त इकडे-तिकडे जाऊ नये, अगदी अपवादात्मक परिस्थिती सोडून, असा नियम आहे. हितसंबंधांची जवळीक, लोकांची ओळख आणि आधीची घडी यांचाही विचार आयोगाने करायचा असतो.

२०११ मध्ये ऑन्टारिओची लोकसंख्या १,२८,५१,८२१. भागिले १२१, कोटा १,०६,२१३. चालणारी मर्यादा साधारण ७९,६६० ते १,३२,७६६. ब्रॅम्प्टन शहराची लोकसंख्या ५,२३,९११, म्हणजे ४.९३ कोटे. पाच पूर्ण मतदारसंघ शहराच्या हद्दीतच बसतात, प्रत्येकी सरासरी १,०४,७८२ लोक. मिसिसागाची ७,१३,४४३. तिथे सहा केले तर सरासरी १,१८,९०७ येते, कोट्यापेक्षा सुमारे १२ टक्के जास्त, पण मर्यादेच्या आत. आयोगाने तसेच केले. ब्रॅम्प्टनला पाच, मिसिसागाला सहा, आणि शहरांची हद्द ओलांडणाऱ्या मतदारसंघाची गरज संपली. मॉल्टन मिसिसागा—मॉल्टनमध्ये गेले आणि ब्रॅमली-गोरचा भाग मुख्यतः ब्रॅम्प्टन ईस्ट आणि ब्रॅम्प्टन सेंटरमध्ये.

इथे थांबलात तर लेख घाईचा ठरेल. हेच गणित २००१ वर करा. ऑन्टारिओ १,१४,१०,०४६, जागा १०६, कोटा १,०७,६४२. ब्रॅम्प्टन ३,२५,४२८, म्हणजे ३.०२ कोटे. तेव्हाही तीन मतदारसंघ शहरात चपखल बसले असते! तरी ब्रॅमली—गोर—मॉल्टन हद्द ओलांडून राहिलाच. मिसिसागाकडे बघितले तर ६,१२,९२५, म्हणजे ५.६९ कोटे. दोन्ही शहरे एकत्र धरून वाटणी करण्याचा मार्ग तेव्हा घेतला गेला. अर्थ एवढाच की गणित ‘काय शक्य होते’ ते सांगते, ‘काय ठरवले आणि का’ ते सांगत नाही. कारण लिहायचे असेल तर आयोगाचा अहवाल उघडा : आधी प्रस्ताव, मग जनसुनावणीनंतरचा अहवाल, मग खासदारांच्या हरकतींवरचा निर्णय. तिन्ही टप्प्यांतले नकाशे वेगळे असू शकतात. प्रस्तावाचा नकाशा अंतिम समजून वापरल्याची उदाहरणे पुष्कळ सापडतात, म्हणून डाउनलोड केलेल्या प्रत्येक फाइलच्या नावात टप्पा लिहा.

निकालांचा तक्ता

प्रत्येक निवडणुकीसाठी अधिकृत निकाल घ्या. मतमोजणीच्या रात्रीचे आकडे प्राथमिक असतात आणि नंतरच्या पडताळणीत बदलतात. वर्तमानपत्रांत छापलेले आकडे बहुतेक प्राथमिकच असतात.

२ मे २०११ ची या मतदारसंघातली निवडणूक नमुना म्हणून घेऊ. काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे बाल गोसल १९,९०७. न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे जगमीत सिंग १९,३६८. लिबरल पक्षाचे मावळते खासदार गुरबक्ष मल्ही १६,४०२. ग्रीन १,७४८. मार्क्सवादी-लेनिनवादी ३७१. बेरीज करा : ५७,७९६ वैध मते. टक्केवारी ३४.४४, ३३.५१, २८.३८, ३.०२, ०.६४. यांची बेरीज ९९.९९ येते. १०० करण्यासाठी कुणाच्या तरी खात्यात ०.०१ ढकलू नका, तसेच राहू द्या. मताधिक्य ५३९, म्हणजे ०.९३ टक्के. न्यायालयीन फेरमोजणी आपोआप होण्यासाठी फरक एक हजारांश मतांपेक्षा कमी लागतो, इथे सुमारे ५८ मते. म्हणून लढत अटीतटीची असूनही आपोआप फेरमोजणी होण्याचा प्रश्न नव्हता.

उमेदवाराच्या टक्केवारीचा छेद म्हणजे वैध मते. मतदानाच्या टक्केवारीत मात्र वर वैध अधिक बाद मते आणि खाली अंतिम यादीतले मतदार येतात. खाली प्राथमिक यादी घेतली तर टक्केवारी फुगते. शिवाय १९९७ पर्यंत दारोदार गणना करून यादी बनत असे, त्यानंतर कायमची राष्ट्रीय मतदार नोंद आली. त्यामुळे १९८८ आणि २००० च्या मतदान-टक्केवारीची सरळ तुलना करताना ही गोष्ट तळटीपेत हवी.

केंद्रनिहाय निकालांत जास्त सावध राहा. एखाद्या केंद्रापुढे शून्य मते दिसली तर तिथे कुणी मत दिले नाही असे नसते. मतदान गुप्त राहावे म्हणून लहान केंद्राची मते दुसऱ्यात मिसळून मोजतात. बाजूच्या रकान्यात ते लिहिलेले असते. ४५-ए, ४५-बी अशी अक्षरे म्हणजे मोठे केंद्र विभागलेले. ६०० च्या पुढचे क्रमांक आगाऊ मतदानाचे, आणि एका आगाऊ केंद्राखाली अनेक साधी केंद्रे येतात. फक्त साध्या केंद्रांवरून रंगीत नकाशा केलात तर आगाऊ मतदान करणारे सगळे लोक नकाशातून गळतात. केंद्रांच्या सीमाही दर निवडणुकीला बदलतात. २००६ चे ४५ आणि २०११ चे ४५ एकच आहे असे धरून चालू नका.

पक्षांच्या रकान्यातही काळजी हवी. १९८८ मध्ये ब्रॅम्प्टन—मॉल्टनमधून निवडून आलेले हॅरी चॅडविक प्रोग्रेसिव्ह काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे. २०११ चे गोसल काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे, आणि हा पक्ष २००३ च्या शेवटी विलीनीकरणातून झाला. मधल्या काळात रिफॉर्म आणि नंतर अलायन्स हे पक्ष वेगळे लढत होते. दोघांना एका रकान्यात टाकून ‘घट’ किंवा ‘वाढ’ काढाल तर ते आकडे निरर्थक असतात. तसेच सीमा बदलल्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत फरक काढायचा असेल तर इलेक्शन्स कॅनडाने (केंद्रीय निवडणुका घेणारी संस्था) जुनी मते नव्या सीमांत बसवून प्रसिद्ध केलेले तक्ते वापरा आणि आकड्याशेजारी ‘रूपांतरित’ असे लिहा.

प्रांतातला नामबंधू

सगळ्यांत जास्त लेख इथे चुकतात. १९९९ च्या निवडणुकीपासून ऑन्टारिओच्या विधानसभेने केंद्राचेच मतदारसंघ घेतले, पण उशिराने. केंद्रात २००३ च्या सीमा २००४ मध्ये लागू झाल्या, प्रांतात १० ऑक्टोबर २००७ ला. केंद्रातून ब्रॅमली—गोर—मॉल्टन २०१५ मध्ये गेला, प्रांतात मात्र ७ जून २०१८ च्या निवडणुकीपर्यंत राहिला.

जगमीत सिंग यांचे उदाहरण घ्या. मे २०११ मध्ये ते या नावाच्या केंद्रीय मतदारसंघातून हरले आणि ६ ऑक्टोबर २०११ ला याच नावाच्या प्रांतिक मतदारसंघातून जिंकले. पुढे १ ऑक्टोबर २०१७ ला ते केंद्रातल्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते झाले. त्यांना ‘ब्रॅमली—गोर—मॉल्टनचे माजी खासदार’ लिहिणे साफ चूक आहे. ते तिथले आमदार होते. मराठीत खासदार-आमदार हे दोन वेगळे शब्द आपल्याकडे आहेतच, ते नेमके वापरा.

माणसे आणि वस्ती

खासदार तीनच : चॅडविक १९८८ ते १९९३, मल्ही १९९३ ते २०११, गोसल २०११ ते २०१५. मधे पोटनिवडणूक नाही. मल्ही सलग सहा निवडणुका जिंकले, आणि पगडी बांधून हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसणारे ते पहिले शीख खासदार. ही नोंद लेखाच्या तळाशी टाकण्यासारखी नाही, वरच्या परिच्छेदात हवी, कारण या मतदारसंघाचे नाव कॅनडाबाहेर गेले ते त्यामुळे. गोसल क्रीडा खात्याचे राज्यमंत्री होते. २०१५ ला ते ब्रॅम्प्टन सेंटरमधून उभे राहिले आणि हरले. वारसांची यादी करताना ही कडी उपयोगी पडते : मावळता खासदार कोणत्या नव्या मतदारसंघाला ‘आपला’ समजतो ते त्यातून दिसते. तो पुरावा आहे, पण दुय्यम. लोकसंख्येच्या मोजणीवर त्याला चढवू नका.

भाषा आणि स्थलांतराचे आकडे जनगणनेच्या मतदारसंघनिहाय तक्त्यांतून घ्या. तक्ता कोणत्या आदेशाच्या सीमांवर बेतला आहे ते मथळ्यात वाचा, कारण एकाच जनगणनेचे आकडे जुन्या आणि नव्या दोन्ही सीमांवर मिळू शकतात. २०११ मध्ये मातृभाषा जनगणनेतच विचारली गेली, पण स्थलांतर आणि मूळ देश यांसारखे प्रश्न ऐच्छिक सर्वेक्षणात गेले. त्या वर्षीचे हे आकडे २००६ शी जोडताना तसे लिहावे लागते.

या तक्त्यांत मराठी स्वतंत्र भाषा म्हणून येते, आणि टोरांटो परिसरातल्या मराठी वस्तीवर लिहिणारे तोच आकडा उचलतात. उचला, पण हे लक्षात ठेवून : जनगणनेचे आकडे गोपनीयतेसाठी यदृच्छेने ५ च्या पटीत वर किंवा खाली केलेले असतात. पंजाबीसारख्या मोठ्या आकड्यात त्याने काही बिघडत नाही. २५ किंवा ३० असा आकडा असेल तर चार-पाचाचा फरक मोठा असतो. लहान भागांचे असे आकडे बेरजेला घेऊन मतदारसंघाचा आकडा बनवू नका, तयार मतदारसंघाचाच आकडा घ्या.

वारसांच्या पुढे

शेवटची रेघ काढताना २०१५ चे विजेते लिहून ठेवा : ब्रॅम्प्टन ईस्टला राज ग्रेवाल, ब्रॅम्प्टन सेंटरला रमेश संघा, मिसिसागा—मॉल्टनला नवदीप बैन्स, तिघेही लिबरल. त्यानंतर २०२३ चा आदेश आला, सभागृह ३४३ जागांचे झाले आणि २८ एप्रिल २०२५ च्या निवडणुकीला ब्रॅम्प्टनच्या यादीत ब्रॅम्प्टन—चिंग्वाकूसी पार्क हे नवे नाव दिसले. ब्रॅमली ज्या टाउनशिपमध्ये उभी राहिली तिचेच हे नाव, म्हणून त्याला थेट ब्रॅमली—गोर—मॉल्टनचा वारस लिहून टाकावेसे वाटते. तसे करू नका. आधी २००३ ची सीमा २०१३ च्या सीमेवर ठेवा, त्यातून निघालेले तुकडे २०२३ च्या सीमेवर ठेवा, प्रत्येक टप्प्यावर लोकसंख्या मोजा, आणि मगच रेघ पातळ काढायची की जाड ते ठरवा.